विजेच्या जोडणीतल्या स्क्रूसाठी नेमके बिट कसे निवडावे

स्विचबोर्डातल्या किंवा डिस्ट्रिब्युशन बोर्डातल्या टर्मिनलचा, म्हणजे तार जेथे आवळून धरली जाते त्या जागेचा स्क्रू कपाटाच्या बिजागरीतल्या स्क्रूपेक्षा फार जबाबदारीचे काम करतो. तांब्याची तार आणि टर्मिनलची पितळी भिंत यांच्यात वीज विनाअडथळा वाहील इतका दाब निर्माण करणे आणि तो दाब वर्षानुवर्षे टिकवणे हे त्याचे काम असते. दाब कमी पडला की जोडणीचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की तेथे उष्णता तयार होते. हिशेब साधा आहे. एखाद्या सैल जोडणीचा रोध ०.१ ओहम झाला आणि तिच्यातून १६ अँपिअरच्या सॉकेटचा पूर्ण भार वाहू लागला, तर त्या एका बिंदूवर २५ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावरच्या लहान सोल्डरिंग आयर्नची शक्तीही एवढीच असते. मग सॉकेटमागचे प्लास्टिक पिवळे का पडते, तारेचे आवरण कडक होऊन का तडकते आणि गीझर चालू असताना बोर्डाजवळ जळका वास का येतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या सगळ्याशी बिटाचा, म्हणजे स्क्रूच्या खाचेत बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा, थेट संबंध आहे. चुकीचे बिट खाचेत पूर्ण बसत नाही, त्यामुळे स्क्रूला पुरेसा पीळ मिळण्याआधीच ते उडी मारून बाहेर येते. काम करणाऱ्याच्या हाताला तो झटका ‘आता स्क्रू घट्ट झाला, पुढे फिरत नाही’ असा वाटतो आणि तो पुढच्या स्क्रूकडे वळतो. खाच खाल्ली गेली तर निदान डोळ्यांना दिसते. अर्धवट कसलेला स्क्रू मात्र बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतो. माझ्या मते घरगुती वायरिंगमधल्या अनेक तापलेल्या जोडण्यांची सुरुवात याच ठिकाणी होते, म्हणून बिट निवडण्यासाठी दोन मिनिटे अधिक दिली तर ती वाया जात नाहीत.

काम सुरू करण्याआधी

आपल्याकडचा घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे आणि तो जीव घेऊ शकतो. बोर्डाचा स्विच बंद केल्याने आतली प्रत्येक तार मृत होत नाही; फेजची तार स्विचच्या टर्मिनलपर्यंत जिवंतच असते. म्हणून त्या सर्किटची एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा डिस्ट्रिब्युशन बोर्डातला स्विच), आणि ती नेमकी कोणती हे ठाऊक नसेल तर मुख्य स्विच बंद करावा. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तेथे एवढ्यावर थांबू नये. मुख्य स्विच पाडल्याबरोबर इन्व्हर्टर सुरू होतो आणि पंखे-दिव्यांच्या तारांना पुन्हा वीज मिळते, त्यामुळे इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करणे आवश्यक आहे. भारनियमनाच्या काळात घरोघरी बसलेल्या इन्व्हर्टरमुळे हा धोका महाराष्ट्रात अगदी नेहमीचा झाला आहे.

वीज गेली आहे याची खात्री टेस्टरने करताना तो टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पाहावा, मग कामाच्या ठिकाणी लावावा आणि पुन्हा चालू सॉकेटवर लावावा. मधल्या काळात टेस्टर बिघडला असेल तर शेवटच्या तपासणीत ते कळते. भर उन्हात टेस्टरमधल्या निऑनच्या बारीक दिव्याचा प्रकाश दिसत नाही, आणि कधी शेजारच्या तारेच्या प्रभावाने मृत तारेवरही तो मंद पेटतो. म्हणून टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर हाताशी असणे बरे. मुख्य स्विचच्या आवक बाजूची टर्मिनल्स तो स्विच बंद असतानाही जिवंत राहतात, ती परवानाधारक वायरमनवर सोपवावीत. मीटरच्या सीलबंद टर्मिनल कव्हरला तर हातच लावू नये. ते वितरण कंपनीचे क्षेत्र आहे आणि मीटरशी छेडछाड हा विद्युत कायदा २००३ नुसार गुन्हा आहे.

आधी स्क्रू, मग बिट

पुष्कळदा काम उलट क्रमाने होते: हाताला येईल ते बिट उचलले जाते आणि ते स्क्रूत बसवण्याचा प्रयत्न होतो. त्याऐवजी प्रथम स्क्रूचे डोके नीट पाहावे. रंगकाम झालेल्या घरात प्लेटच्या स्क्रूंच्या खाचेत पुट्टी, प्लास्टर किंवा ऑइलपेंट हमखास भरलेला असतो. अशा खाचेत योग्य मापाचे बिटसुद्धा अर्धेच उतरते आणि पहिल्याच पिळाला घसरते. दाभणाच्या किंवा जाड सुईच्या टोकाने खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरखडत जावे, तळाशी धातू चमकेपर्यंत भुगा काढावा आणि जुन्या टूथब्रशने तो झटकावा. फुलीच्या खाचेत चारही बाहू आणि मधला खड्डा, असे पाच भाग स्वतंत्रपणे साफ करावे लागतात.

एमसीबीच्या टर्मिनलचा स्क्रू तर प्लास्टिकच्या भोकात काही मिलिमीटर खोल असतो आणि समोरून पाहिला तर काळोखच दिसतो. मोबाइलचा फ्लॅश लावून जवळून छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून पाहावे. डोक्यावर एक सरळ खाच आहे, फुली आहे, की फुलीच्या दोन बाहूंना लांबवून तयार केलेली खाच आहे, हे त्या छायाचित्रात स्पष्ट कळते, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

चपट्या खाचेचे माप

चपट्या बिटाला दोन मापे असतात, पात्याची जाडी आणि पात्याची रुंदी, आणि दुकानात आपण बहुधा फक्त रुंदी सांगून मोकळे होतो. चांगल्या बिटावर दोन्ही मापे कोरलेली असतात. नेहमी भेटणाऱ्या जोड्या अशा: ०.४ × २.५, ०.५ × ३, ०.६ × ३.५, ०.८ × ४, १.० × ५.५ आणि १.२ × ६.५ मिलिमीटर.

रुंदी खाचेच्या लांबीइतकी किंवा तिच्यापेक्षा किंचित कमी हवी. पाते फार अरुंद असेल तर सगळा जोर स्क्रूच्या मध्याजवळ पडतो, तरफेचा फायदा मिळत नाही आणि मऊ पितळाचे ओठ पिळवटतात. पाते रुंद असेल तर ते भोकाच्या प्लास्टिकला घासते, आणि खोल टर्मिनलमध्ये तर डोक्यापर्यंत पोचतच नाही. जाडीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, तरी त्याकडे सर्वात कमी लक्ष जाते. पातळ पाते खाचेत तिरके होते, त्याच्या फक्त दोन कडा खाचेच्या दोन कोपऱ्यांना टेकतात आणि सगळा भार त्या दोन रेषांवर येतो. तेथूनच धातू सोलला जाऊ लागतो. जाड पाते खाचेच्या तोंडाशीच अडकते, तळाला टेकत नाही, आणि जोर लावला की वर उचलले जाते. पाते तळाला टेकलेले असताना डावी-उजवीकडे हलकेच हलवून पाहावे. खळखळ जाणवली नाही तर जाडी बरोबर आहे असे समजावे.

पात्याचा आकारही पाहावा. साध्या सुतारी स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाजवळ दांड्यापेक्षा रुंद पसरलेले असते. असे पाते उघड्या प्लेटवर चालते, पण टर्मिनलच्या भोकात अडते. विजेच्या कामासाठी ज्याची रुंदी टोकापासून दांड्यापर्यंत सारखी राहते असे सरळ पाते घ्यावे.

लाइन टेस्टर हे पुष्कळ घरांतले एकमेव ‘स्क्रूड्रायव्हर’ असते. त्याचे काम वीज दाखवण्याचे आहे. त्याचे पाते बारीक आणि मूठ सडपातळ असते, त्यामुळे टर्मिनल शेवटपर्यंत आवळण्याइतका पीळ त्याने देता येत नाही. जोर केला तर पाते वाकते किंवा आतल्या रोधाच्या कांडीला आणि निऑनला धक्का बसतो, आणि मग वीज तपासण्याच्या कामीही त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. टेस्टरने स्क्रू आवळू नये, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

फुलीचे दोन प्रकार

आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टार’ मागितले की फुलीचे, म्हणजे फिलिप्सचे बिट हातात पडते. खऱ्या सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेला टॉर्क्स म्हणतात आणि ती हवी असेल तर टॉर्क्स असेच मागावे लागते. ती उपकरणांच्या आवरणांवर भेटते, घरच्या वायरिंगमध्ये क्वचितच.

फिलिप्सची खाच अमेरिकेत ओरेगनच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात पेटंट घेऊन रूढ केली आणि मोटार उद्योगामुळे ती जगभर पसरली. हिच्या भिंती तळाकडे निमुळत्या होत जातात. भिंती तिरप्या असल्यामुळे पीळ देताना त्या बिटाला वरच्या दिशेने ढकलतात, म्हणून फिलिप्स बिट पिळताना ते स्क्रूच्या दिशेने दाबून धरावे लागते. दाब कमी पडला की बिट उसळते.

पोझिड्रिव्ह ही खाच फिलिप्ससारखीच दिसते, पण तिच्या भिंती जवळजवळ समांतर असतात आणि त्यामुळे बिट वर ढकलले जात नाही. ओळखण्याची खूण स्क्रूच्या डोक्यावरच असते: मुख्य फुलीच्या चार बाहूंच्या मधोमध, ४५ अंशांत, चार बारीक रेघा कोरलेल्या दिसतात. बिट पाहूनही फरक कळतो. फिलिप्सचे टोक अणकुचीदार असते. पोझिड्रिव्हचे टोक बोथट असते आणि चार पात्यांच्या मध्ये आणखी चार बारीक कंगोरे असतात. बिटावर फिलिप्ससाठी पीएच आणि पोझिड्रिव्हसाठी पीझेड अशी रोमन अक्षरे आणि पुढे ०, १, २ किंवा ३ हा आकड्यातला आकार छापलेला असतो.

ही अदलाबदल हातून पटकन होते आणि बिघाड नेमका तिथेच होतो. पीएच बिट पीझेड स्क्रूत सहज उतरते, त्यामुळे ते बसले असे वाटते. पण त्याच्या तिरप्या बाजू आणि खाचेच्या सरळ भिंती यांचा स्पर्श अगदी थोड्या जागी होतो आणि बिट डुलते. उलट, पीझेड बिट पीएच स्क्रूत टाकले तर त्याचे कंगोरे आडवे येतात आणि ते तळापर्यंत पोचत नाही. दोन्ही वेळा थोडासा पीळ चालून जातो, शेवटचा आणि सर्वात महत्त्वाचा पीळ मात्र मिळत नाही.

आकार निवडताना मोठ्यापासून लहानाकडे यावे. आधी २ क्रमांकाचे बिट लावावे. ते तळाला टेकत नसेल तरच १ क्रमांकाकडे वळावे. लहान बिट मोठ्या खाचेत नेहमीच शिरते, आणि म्हणूनच ‘शिरले म्हणजे बसले’ हा समज फसवा ठरतो.

खाच आणि फुली एकत्र असलेले स्क्रू

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. आजच्या एमसीबी, आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), आयसोलेटर (पुरवठा हाताने तोडण्याचा मुख्य स्विच) आणि अनेक मॉड्युलर स्विच-सॉकेटच्या टर्मिनलवर जे स्क्रू असतात, त्यांच्या डोक्यावर फुली असते आणि तिचे समोरासमोरचे दोन बाहू डोक्याच्या कडेपर्यंत सरळ खाच म्हणून वाढवलेले असतात. कोणतेही साधन चालावे या सोयीसाठी ही रचना झाली. पण छायाचित्र मोठे करून पाहिले तर तिचा तोटाही दिसतो. खाच कापताना फुलीच्या दोन बाहूंच्या टोकाकडच्या भिंती निघून गेलेल्या असतात. म्हणजे पीझेड २ बिटाला ज्या भिंतींचा आधार मिळायला हवा, त्यांतला काही भाग तेथे उरलेलाच नसतो. बिट बसते, पण पूर्ण पकडीने बसत नाही. चपटे बिट लावले तर त्याला खाच सलग मिळते, मात्र दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या खाचेतून ते आडवे सरकते. त्याला मध्यावर धरून ठेवणारे काहीच नसते.

या स्क्रूंसाठी स्वतंत्र बिट मिळते. त्याची दोन समोरासमोरची पाती चपट्या बिटासारखी रुंद आणि उरलेली दोन फुलीसारखी आखूड असतात. पोझिड्रिव्ह प्रकाराला पीझेड/एस किंवा एसएल/पीझेड आणि फिलिप्स प्रकाराला पीएच/एस किंवा एसएल/पीएच असे लिहिलेले असते. काही कंपन्या त्याला प्लस-मायनस म्हणतात. एमसीबीसाठी बहुतेक वेळा २ क्रमांकाचे आणि बारीक टर्मिनलसाठी १ क्रमांकाचे लागते. हे बिट खाचेत पडले की दोन्ही दिशांनी जखडले जाते. हाताला ‘टक’ असे बसल्याचे जाणवते आणि नंतर डुलणे जवळपास संपते. डिस्ट्रिब्युशन बोर्डाचे काम वरचेवर करणाऱ्याने इतर कशाआधी हे एक बिट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते मागताना थोडी काळजी घ्यावी. ‘प्लस-मायनस द्या’ म्हटले की अनेक दुकानदार एका टोकाला फुली आणि दुसऱ्या टोकाला चपटे पाते असलेला उलटसुलट दांड्याचा टू-इन-वन स्क्रूड्रायव्हर काढून देतात. तो उपयोगी असला तरी वेगळी वस्तू आहे. अक्षरे सांगून मागावे किंवा स्क्रूचे छायाचित्र दाखवावे. हे बिट मिळाले नाही तर दोन पर्यायांतून निवड करावी: स्क्रू पोझिड्रिव्ह जातीचा असेल तर चांगल्या धारेचे पीझेड २, नाहीतर खाचेत घट्ट बसणारे ५.५ किंवा ६.५ मिलिमीटरचे सरळ पाते. पीएच २ येथे शेवटचा पर्याय समजावा, जरी प्रत्यक्षात सर्वात आधी तेच हाती लागत असले तरी.

बसते की नाही, हे तपासण्याची पद्धत

शक्य असेल तेथे एक सुटा स्क्रू बिटाच्या टोकावर बसवावा आणि बिट आडवे धरावे. चुंबकाविना, बोटाचा आधार न देता स्क्रू जागेवर राहिला, तर माप चांगले जुळले आहे. तो लगेच गळून पडला किंवा मान टाकली, तर शेजारचे माप घेऊन पाहावे. ही चाचणी करताना चुंबकी होल्डर बाजूला ठेवावा, कारण चुंबक चुकीच्या बिटालाही स्क्रू चिकटवून ठेवतो. शिवाय पितळी स्क्रूंवर चुंबकाचा काही परिणाम होत नाही.

टर्मिनलमधला स्क्रू सुटा काढता येत नसेल तर बिट सरळ रेषेत आत दाबावे आणि सैल करण्याच्या दिशेने अगदी थोडा पीळ द्यावा. मूठ हलली पण स्क्रू हलला नाही, तर मधली ती मोकळीक म्हणजे बिट आणि खाच यांच्यातली फट. चांगल्या जोडीत ही फट जवळजवळ जाणवत नाही. बिट स्क्रूच्या अक्षाशी तिरके असेल तर उत्तम माप असूनही पकड जाते, म्हणून बोर्डाच्या आतल्या गुंतलेल्या तारा आधी बाजूला करून साधनाला सरळ वाट द्यावी.

दांडा, लांबी आणि इन्सुलेशन

सुट्या बिटाचा षटकोनी दांडा पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असतो आणि हाच दांडा टर्मिनलमध्ये अडचण करतो. २५ मिलिमीटरचे आखूड बिट होल्डरमध्ये बसवले की होल्डरची जाड कॉलर एमसीबीच्या तोंडाला टेकते आणि टोक स्क्रूपर्यंत पोचण्याआधीच थांबते. पोचलेच तर अर्धे बसते. ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब बिट घ्यावे आणि त्याचा टोकाकडचा भाग भोकात मोकळेपणाने उतरतो का, ते आधी पाहावे. कनेक्टर पट्टीच्या किंवा होल्डरच्या बारीक भोकात सुटे बिट बहुधा जातच नाही. तेथे बारीक दांड्याचा अखंड स्क्रूड्रायव्हर लागतो.

सुटे बिट आणि धातूचा होल्डर यांना विजेपासून कोणतेही संरक्षण नसते. प्लास्टिकची मूठ असली तरी धातू टोकापासून मुठीपर्यंत सलग उघडा असतो. दांड्यावर इन्सुलेशन असलेला, दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असे छापलेला स्क्रूड्रायव्हर आयईसी ६०९०० या मानकानुसार बनवलेला असतो. अशा साधनाची चाचणी त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेजवर होते. साध्या स्क्रूड्रायव्हरवर घरी रबरी नळी किंवा चिकटपट्टी गुंडाळून तो दर्जा येत नाही. इन्सुलेटेड साधनही वीज बंद करूनच वापरावे, कारण ते चुकून शिल्लक राहिलेल्या विजेपासून वाचवण्यासाठी असते. जाड आवरणाचा दांडा कधी भोकात जात नाही, म्हणून खरेदीच्या वेळी टोकाकडे आवरण बारीक केलेला प्रकार मागावा.

कोठे काय लागते

सनमायका लावलेल्या जुन्या लाकडी बोर्डाच्या कोपऱ्यांवर चपट्या खाचेचे लाकडी स्क्रू असतात. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेमुळे ते गंजून डोक्याजवळच तुटतात. त्यांच्यासाठी ५.५ किंवा ६.५ चे पाते लागते. त्याच बोर्डावरच्या पियानो स्विचचे टर्मिनल स्क्रू मात्र बारीक असतात आणि त्यांना ३ ते ४ चे पाते पुरते. सीलिंग रोझ, बल्बचा होल्डर आणि पंख्याच्या वरच्या कपातली कनेक्टर पट्टी येथे २.५ किंवा ३ चे पाते चालते. तीन पिनच्या प्लग टॉपमध्ये आवरणाचा स्क्रू मोठा आणि आतल्या पिनांचे स्क्रू लहान असतात, त्यामुळे एकाच साधनाने दोन्ही करण्याचा मोह टाळावा.

डिस्ट्रिब्युशन बोर्डातल्या न्यूट्रल लिंकचे, म्हणजे सगळ्या न्यूट्रल तारा जेथे एकत्र जोडतात त्या पट्टीचे स्क्रू पुष्कळदा पितळी आणि चपट्या खाचेचे असतात. पितळ मऊ असल्याने पातळ पात्याने त्यांचे डोके फार लवकर खाल्ले जाते. येथे विशेष काळजी हवी, कारण तीन फेजच्या घरात मुख्य न्यूट्रल सैल झाला तर एका फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळू शकतो आणि फ्रिज, टीव्ही, राउटर एकदमच जळतात.

परदेशात राहणाऱ्यांना वेगळे स्क्रू भेटतात. कॅनडात रॉबर्टसनची चौकोनी खाच सर्रास आढळते, ती पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास काढली आणि तिला आकारानुसार चौकोनी बिटच लागते. ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट वापरणाऱ्या आखाती देशांत प्लेटचे स्क्रू बहुधा ३.५ मिलिमीटर आट्याचे, चपट्या खाचेचे असतात. भारतातून नेलेला बिटांचा संच तेथे पूर्ण पडेल असे गृहीत धरू नये.

किती आवळावे

बिट बरोबर बसल्यावर किती पीळ द्यायचा हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बहुधा एमसीबीच्या अंगावर किंवा सोबतच्या कागदावर न्यूटन-मीटरमध्ये छापलेले असते. घरगुती एमसीबीसाठी ते साधारण २ ते २.५ आणि मोठ्या रेटिंगसाठी ३.५ पर्यंत असते. स्विच-सॉकेटच्या बारीक स्क्रूंसाठी ते बरेच कमी असते. १० सेंटिमीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला साधारण २ किलो वजन टांगले तर जो पीळ पडेल, तो म्हणजे २ न्यूटन-मीटर. हाताला वाटते त्याहून तो जास्त आहे, आणि टेस्टरच्या मुठीने तो देता येत नाही हे येथे पुन्हा लक्षात येते. वारंवार काम करणाऱ्याने टॉर्क स्क्रूड्रायव्हर, म्हणजे ठरवलेला पीळ झाला की कळवणारा स्क्रूड्रायव्हर, घेणे योग्य ठरेल.

तार आत घालण्यापूर्वी टर्मिनलचा पिंजरा, म्हणजे तार दाबून धरणारी धातूची चौकट, पूर्ण उघडावा आणि तार पिंजऱ्याच्या आतच गेली आहे ना, हे पाहावे. ती पिंजऱ्यामागे सरकली तर स्क्रू उत्तम कसला जातो आणि तार मोकळीच राहते. अनेक तंतूंच्या तारेला पिन लग, म्हणजे तंतू एकत्र धरणारे धातूचे टोक, लावावे. तंतूंवर कथील ओतून ते टर्मिनलमध्ये आवळू नयेत, कारण कथील दाबाखाली हळूहळू बसते आणि जोडणी सैल होते. आवळताना बिट स्क्रूच्या दिशेने दाबून धरावे, एका दमात पूर्ण पीळ द्यावा, तार हलकेच हलवावी आणि पुन्हा तेवढ्याच जोराने तपासावे. शेवटी तार ओढून पाहावी. ती तसूभरही सरकता कामा नये.

बॅटरीवरचा ड्रिल-ड्रायव्हर सुरुवातीचे आटे फिरवण्यापुरता वापरावा, तोही क्लच सर्वात खालच्या आकड्यावर ठेवून. शेवटचे आवळणे हातानेच करावे. इम्पॅक्ट ड्रायव्हर टर्मिनलवर मुळीच वापरू नये. त्याच्या ठोक्यांनी पितळी आटे जातात आणि प्लास्टिक तडकते.

डोके खाल्लेला स्क्रू

बिट घसरू लागले की तत्क्षणी थांबावे. आणखी दोनदा जोर केल्याने उरलेली खाचही जाते. वीज बंद असल्याची पुन्हा खात्री करून खाच साफ करावी, नवे बिट घ्यावे, ते खाचेत धरून वरून हलकेच टोकावे म्हणजे ते तळाला टेकेल, आणि मग भरपूर दाबून सावकाश पीळ द्यावा. प्लेटचा स्क्रू असेल तर बिट आणि डोके यांच्यामध्ये रुंद रबरबँड ठेवल्याने कधी कधी पुरेशी पकड मिळते. गंजलेल्या प्लेट-स्क्रूवर गंज सोडवणारे तेल अगदी थेंबभर लावावे, स्प्रे मारू नये, कारण ते आतल्या स्विचवर उडते.

टर्मिनलचा स्क्रू खराब झाला असेल तर तो कसाबसा आवळून वेळ मारून नेणे धोक्याचे आहे. सुटा स्क्रू मिळत असेल तर त्याच आट्याचा बदलावा. एमसीबीचा स्क्रू गेला असेल तर ती एमसीबीच बदलावी.

खरेदी

घरच्या कामासाठी मोठ्या पेटीची गरज नाही. ३, ४ आणि ५.५ मिलिमीटरचे सरळ पात्याचे इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, पीएच १ आणि पीएच २, एक पीझेड २ आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड असेल तर पीझेड/एस २, एवढ्यात बहुतेक कामे होतात. शंभर बिटांच्या स्वस्त संचात निम्मी बिटे घरच्या बोर्डाला कधीच लागत नाहीत आणि उरलेल्यांची टोके मऊ असतात. क्रोम-व्हॅनेडियम किंवा एस २ पोलादाचे, टोकाची कोर स्वच्छ कापलेले बिट घ्यावे. मुंबईत लोहार चाळ आणि नागदेवी, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे ती सुटी मिळतात. दुकानातच स्क्रू बसवून पाहण्यासाठी जुन्या एमसीबीचा किंवा सॉकेटचा एक तुकडा सोबत न्यावा.

बिट हे झिजणारे साधन आहे. फुलीच्या पात्यांच्या कडा गोल झाल्या, टोकाला चकाकी आली, किंवा चपट्या पात्याचा एखादा कोपरा तुटला की ते बिट विजेच्या कामातून काढून टाकावे. चपट्या पात्याला कानशीने पुन्हा सरळ कोर देता येते, मात्र बाजू समांतर आणि जाडी मूळचीच राहिली पाहिजे, आणि ग्राइंडरवर ते तापून निळे पडू देऊ नये, नाहीतर टोकाचा कडकपणा जातो. फुलीचे झिजलेले बिट घासून पूर्ववत करता येत नाही.